रकाना अकरा: सेवा

माझ्या गाडीला धडक बसली तेव्हा मी उभा होतो. म्हणजे गाडी उभी होती आणि मी तिच्यात बसलो होतो. पण पुढच्या चौदा महिन्यांत हे वाक्य मी इतक्या खिडक्यांपुढे वाकून म्हटलं की त्यातला व्याकरणाचा सांधा झिजून गेला. सिग्नल लाल होता. मी थांबलो. मागून पावाची व्हॅन आली, ती थांबली नाही. व्हॅनचा चालक खाली उतरून म्हणाला, "काका, चूक माझी, मी मोबाईल बघत होतो." हे त्याने पोलिसांसमोरही कबूल केलं, सही ठोकली आणि जाताना मला एक पाव दिला. एवढा सरळ माणूस मला नंतर या प्रकरणात भेटला नाही.

तेव्हा माझी समजूत अशी की चूक त्याची, विमा त्याचा, म्हणजे खर्चही त्याच्या कंपनीचा. मी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याबद्दल लेखकांशी भांडलो, एका प्रकाशकाशी बोलणं टाकलं. शब्द जागच्या जागी असला की अर्थ आपोआप जागेवर बसतो अशी माझी श्रद्धा. ती श्रद्धा एका फॉर्मने घालवली.

गाडी गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याने मागचा दरवाजा हलवून बघितला, तो त्याच्या हातातच आला. म्हणाला, "सहा दिवसांचं काम आहे साहेब."

"म्हणजे पुढच्या मंगळवारी?"

"काम सहा दिवसांचं आहे. दरवाजा कधी येईल ते मी कुठं म्हटलं?"

दरवाजा यायला पस्तीस दिवस लागले. पस्तीस आणि सहा, एक्केचाळीस. हा आकडा आता मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. एक्केचाळीस दिवस मी भाड्याची गाडी वापरली. कारण मला गाडी लागतच होती, आणि का लागत होती ते सांगितल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कीर्तनकार बुवा राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. आता कीर्तन बंद, कारण मूत्रपिंडं बंद. आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात मशीनवर झोपवून रक्त धुऊन घ्यावं लागतं. मूलबाळ नाही, डोळे अधू. मशीनवरून उतरल्यावर त्यांना इतकी चक्कर येते की दोन पावलांवरची खुर्ची त्यांना लांबच्या गावासारखी वाटते. टॅक्सीवाले एकदा नेतात. सीटवर उलटी झाली की दुसऱ्यांदा फोन उचलत नाहीत. म्हणून सहा वर्षं बुवांना मी नेतो, मीच आणतो. त्यांच्या कीर्तनाने माझी कितीतरी वर्षं गोड केली. बायकोच्या आजारपणात आणि नोकरीतल्या अपमानांत त्यांच्या एका आख्यानाने मला उभं केलेलं आहे. त्या मानाने पेट्रोल म्हणजे काय? बुवा गाडीत बसले की म्हणतात, "चल बाळ." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. मला बाळ म्हणणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

भाड्याची गाडी घ्यायला पैसे लागले, तेव्हा बायकोने कपाटातून पाकिटं काढली. तिने दातांसाठी साठवलेली. वरच्या उजव्या बाजूचे तिचे चार दात गेलेत, चार वर्षं ती डाव्या बाजूनेच चावते. पैसे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "हे परत यायला हवेत हं."

"अगं, कायदा आहे. महिन्याभरात येतील. कंपनी देणार. शब्द देतो तुला."

"कंपनीचा शब्द तुम्ही कशाला देताय?" ती म्हणाली. पण दिले.

इथवर पूर्वरंग. आता आख्यान.

व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीचा फॉर्म सात पानी होता. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बेलिफ राहतात. आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्यामुळे त्यांना कायदा पाठ आहे असं सगळी इमारत मानते, आणि सगळ्यात जास्त ते स्वतः मानतात. फॉर्म पाहून त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, सूत्र एकच. कमी लिहायचं. विचारतील तेवढंच. वकिलाला आणि डासाला उघडा भाग दाखवायचा नाही."

"पण माझं सगळं खरंच आहे."

"म्हणून तर म्हणतो."

मी ऐकलं नाही. रकाना अकरामध्ये विचारलं होतं: वाहनाचा मुख्य वापर. पुढे चौकोन होते: कुटुंब, नोकरी, व्यवसाय, इतर (स्पष्ट करा). कुटुंब म्हणावं तर बुवा कुटुंबातले नाहीत. नोकरी संपली, व्यवसाय केला नाही. मी प्रामाणिकपणे 'इतर'वर खूण केली आणि समोर सुवाच्य अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, एकच शब्द लिहिला.

सेवा.

लिहून झाल्यावर मी तो शब्द जरा लांब धरून बघितलासुद्धा. चांगला दिसत होता. जन्मात कधी नव्हे तो मला माझा अभिमान वाटला, आणि भगवंताने तो तिथल्या तिथे टिपून घेतला असावा.

दोन महिने काहीच नाही. मग पत्र आलं. भाड्याची रक्कम देता येत नाही, कारणं तीन. पहिलं, काम सहा दिवसांचं असताना एक्केचाळीस दिवस गाडी वापरली. दुसरं, माझ्या गाडीपेक्षा वरच्या, 'चैनीच्या श्रेणीतली' गाडी घेतली. (त्या चैनीच्या गाडीची डावी काच खाली होत नव्हती आणि हॉर्न वाजवला की वायपर फिरायचे. त्या दिवशी दुकानात तेवढी एकच शिल्लक होती.) आणि तिसरं कारण मी पाच वेळा वाचलं. 'दावेदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार सदर वाहन प्रवासी सेवेसाठी वापरले जात होते.'

मी मुद्रितशोधक. कोणीतरी माझ्या शब्दाला मागून दुसरा शब्द जोडला होता, व्हॅनसारखाच, न थांबता.

मी कंपनीत गेलो. चौथ्या मजल्यावर दावा अधिकारी बसतो. तरुण, नम्र, टेबलावर एक कोरफड. माझं म्हणणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्यातला एकही शब्द टिपून घेतला नाही.

"काका, आमच्याकडे यादीत 'सेवा' म्हणजे सेवा क्षेत्र. वाहतूक, हॉटेल, सलून."

"मी सलून चालवतो असं वाटलं तुम्हाला?"

"नाही, गाडी म्हटल्यावर वाहतूक. तुम्ही एका गृहस्थांना नियमित नेता ना?"

"नेतो. माणुसकी म्हणून."

"माणुसकी यादीत नाही." हे तो चेष्टेने म्हणाला नाही. त्याने खरोखर यादी खालपर्यंत सरकवून पाहिली. "बरं, ते गृहस्थ तुमचे कोण?"

"कोणी नाहीत. म्हणजे सगळं आहेत."

"नात्याने कोणी नाहीत. मग गाडीची गरज कोणाची होती?"

"बुवांची."

"मग दावा त्यांनी करायला हवा."

"त्यांच्याकडे गाडी नाही हो!"

"मग त्यांचं नुकसान झालेलं नाही."

"गाडी माझी होती!"

"हो, पण गरज तुमची नव्हती." आणि त्याने कोरफडीला पाणी घातलं.

मी चार जिने पायी उतरलो. लिफ्ट होती, पण राग लिफ्टमध्ये मावत नव्हता.

गॅरेजवाल्याने माझ्यासाठी प्रमाणपत्र लिहून दिलं: 'दरवाजा येत नव्हता, आला तेव्हा बसवला.' खाली सहीऐवजी ग्रीसचा अंगठा. भाड्याची गाडी देणाऱ्याने लिहून दिलं की गाडी चैनीची नव्हती. मात्र त्याने अट घातली की हे पत्र त्याच्या इतर गिऱ्हाइकांना दाखवायचं नाही. दोन कारणं अशी कशीबशी मारली. तिसऱ्यासाठी कंपनीने चौकशी करणारा माणूस आमच्या इमारतीत पाठवला.

त्याने दारोदार जाऊन विचारलं, "हे गाडी भाड्याने चालवतात का?" खरं म्हणजे इथेच सगळं संपलं होतं. चौकशीचं उत्तर काहीही येवो, प्रश्न मात्र प्रत्येक घरात राहून गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरच्या वहिनींनी मला गाठलं. "विमानतळाचे किती घेता हो? पहाटेचे वेगळे लावता का?" तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी तर माझ्याकडे खांद्यावरची बॅगच दिली आणि मागाहून ओळखून "सॉरी, सॉरी" म्हणाले. सहा वर्षं या लोकांनी मला बुवांना हात धरून गाडीतून उतरवताना पाहिलं होतं. त्यांनी आजवर काही विचारलं नव्हतं, आणि मी समजत होतो की त्यांना कळतंय.

चौकशीवाला आमच्याकडेही आला होता. मी घरी नव्हतो. बायकोने काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "दार लावून घेतलं."

"का? सांगायचं ना ठणकावून, एक पैसा घेत नाही म्हणून!"

ती कणीक मळत होती. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "सोडून द्या आता ते. दातांचं मी बघते."

"पैशाचा प्रश्नच नाही राहिला. मला भाडोत्री ठरवतायत! मी भाडं भरलं, आणि हे म्हणतात मी भाडं घेतो!"

"तेच म्हणते. सोडून द्या."

मला वाटलं, हिचा माझ्यावर विश्वास नाही. अशा वेळी नवरे जेवण अर्धं टाकून उठतात. मीही उठलो. नंतर भूक लागली, तेव्हा पावाच्या व्हॅनवाल्याची आठवण झाली.

बेलिफकाकांनी खलबत चालवलं. "लवादाकडे जा. तिथे एक बाई बसतात, माणसाचं ऐकतात. आणि बुवांचं प्रतिज्ञापत्र घ्या, की मी कधीही मोबदला दिला नाही. एवढा एक कागद की कंपनी आडवी!"

बायको चहा देत होती. म्हणाली, "बुवांना यात ओढू नका."

"वहिनी, ओढायचं कुठंय? एक सही."

बुवा सही करेनात. "बाळ, मला दिसत नाही. न दिसणाऱ्या कागदावर सही करायची नाही, असं लोकांना मीच सांगत आलो. माझं तोंड अजून चालतंय. तिथे नेऊन उभं कर, विचारतील ते सांगतो."

माझे डोळे भरून आले. ज्या वाणीने हजारोंना जागं केलं, ती माझ्यासाठी साक्ष देणार! मशीनचा नसलेला दिवस बघून मी त्यांना घेऊन गेलो. बायकोला म्हटलं, "येतेस का, बघायला?" ती म्हणाली, "नको." आणि दार आमच्यामागे लगेच न लावता बराच वेळ तशीच उभी राहिली.

लवादाची खोली म्हणजे एक लांब टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि पाणी पिण्यासाठी एकच पेला. मधोमध लवादाच्या बाई. एका बाजूला कंपनीचा वकील आणि तो कोरफडवाला अधिकारी. आमच्या बाजूला मी, बुवा आणि बेलिफकाका. काकांना कोणी बोलावलेलं नव्हतं, तरी ते काळा कोट घालून आले होते. बाईंनी माझं ऐकलं, खरंच ऐकलं. 'सेवा' या शब्दावर त्या थोडं हसल्याही. कंपनीच्या वकिलाला म्हणाल्या, "एका शब्दावरून तुम्ही माणसाला टॅक्सीवाला केलंत?" माझी मान चौदा महिन्यांनी प्रथमच सरळ झाली.

मग त्या बुवांकडे वळल्या. "आजोबा, या गृहस्थांना गाडीबद्दल तुम्ही कधी काही दिलंत?"

बुवांनी घसा साफ केला. समोर दोन माणसं असोत की दोन हजार, बुवांचा स्वर एकच लागतो. तो खोलीत असा भरला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"दिलं की!"

मला वाटलं, आशीर्वाद म्हणतायत.

"सहा वर्षं दिलं, बाई. महिना चुकवला नाही. याची बायको मला डबा आणते. डबा परत नेताना फडक्याखाली पाकीट ठेवतो, ती घेऊन जाते. पहिल्यांदा नको म्हणाली. मी म्हटलं, मुली, नको म्हणशील तर उद्यापासून गाडीत बसणार नाही, मरेन. मग घ्यायला लागली. याला मात्र कळू दिलं नाही. हा भाबडा आहे. याने घेतलं नसतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण द्यायची गरज काय होती, आजोबा?"

"लाज वाटते हो." बुवांचा आवाज किंचित उतरला. "जन्मभर लोकांनी दिलं ते खाल्लं. कोणी नारळ, कोणी धान्य, कोणी नुसतं 'वा बुवा'. आता शेवटच्या प्रवासात तरी तिकीट काढून बसावंसं वाटतं माणसाला. फुकट बसलो नाही मी. हे तुम्ही लिहून घ्या, बाई. मोठ्या अक्षरात घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. त्यांना घ्यावंच लागलं.

कंपनीच्या वकिलाने फाईल बंद केली. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. बेलिफकाका माझ्या कानाशी लागले, "म्हणून सांगत होतो, कमी लिहायचं."

निकाल तिथल्या तिथे नाही लागला, आठ दिवसांनी पोस्टाने आला. पण तो आम्हा सगळ्यांना त्याच खोलीत कळला होता. वाहन मोबदल्यावर वापरलं जात होतं, त्यासाठीचा परवाना नव्हता, सबब भाड्याची रक्कम मागण्याचा हक्क पोचत नाही. खाली एक ओळ अशीही होती की ही बाब माझ्या स्वतःच्या विमा कंपनीला कळवण्यात यावी. तिने पुढच्या वर्षीचा हप्ता व्यावसायिक दराने लावला. आता मी सर्व संबंधित कागदपत्रांनुसार टॅक्सीवाला आहे.

त्या दिवशी परतताना गाडीत बुवा उत्साहात होते. बऱ्याच दिवसांनी चार लोकांसमोर बोलायला मिळालं होतं. "कसं झालं रे बाळ? नीट ऐकू गेलं ना सगळ्यांना?" मी म्हटलं, "गेलं." त्यांना हाताला धरून उतरवलं, पण नेहमीसारखं दारापर्यंत सोडायला गेलो नाही. गाडीत बसून बघत राहिलो. फाटकाची कडी त्यांना तीनदा चाचपावी लागली.

घरी बायको टेबलाशी बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सहा वर्षं?" मी म्हटलं.

"हो."

"म्हणजे भाड्याच्या गाडीला दिलेली ती पाकिटं..."

"तीच. त्यांचीच."

म्हणजे बुवांना नेण्यासाठी मी जी गाडी भाड्याने घेतली, तिचं भाडं बुवांनीच दिलं होतं. आणि ते पैसे परत मिळावेत म्हणून बुवांनी पैसे दिले नाहीत हे सिद्ध करायला मी बुवांनाच घेऊन गेलो होतो. छत्तीस वर्षांत माझ्या हातून एवढी मोठी चूक एकाही मुद्रितात निसटली नव्हती.

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिला ओरडायचं असलं की ती हळू बोलते. "तुमच्या निवृत्तिवेतनात पेट्रोल कुठून येतं, कधी विचारलंत? गाडीचे टायर कशातून बदलले? तुम्ही रोज संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगायचात, मी एक पैसा घेत नाही. तुम्ही घेतच नव्हता. मी घेत होते. म्हणूनच ते खरं राहिलं. तुमची सेवा होती, अहो. माझे दात होते."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी एकेक वाक्य मनात जुळवून पाहिलं. प्रत्येकात कुठेतरी 'मी' दोनदा येत होता. मुद्रितशोधकाला असा शब्द लगेच खटकतो. मी ती सगळी खोडली. तिने पान वाढलं, माझं, मग तिचं, आणि डाव्या बाजूने जेवली.

पुढचे दोन दिवस मी बुवांकडे फिरकलो नाही. मला त्यांचा राग आला होता, हे लिहायला आज लाज वाटते. त्यांनी खरं सांगितलं याचा राग नव्हता. त्यांनी सहा वर्षं माझ्याकडून काही घेतलंच नव्हतं, याचा होता. आख्यान ऐकताना दाता कोण हे मी नेहमी बरोबर ओळखतो. स्वतःच्या गाडीत ते मला ओळखता आलं नाही.

मशीनच्या दिवशी मात्र जावंच लागतं. मशीनला रुसवेफुगवे कळत नाहीत. साडेसातला मी फाटकाशी गाडी लावली आणि सवयीने पुढचं डावं दार आतून उघडून धरलं. सहा वर्षं बुवा माझ्या शेजारी बसत आले आहेत. मागे त्यांना मळमळतं.

बुवा काठी टेकत आले. गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत फिरवत पुढच्या उघड्या दाराशी पोचले, ते चाचपलं, आणि हलकेच लावून टाकलं. मग मागचं दार शोधून आत बसले. काठी गुडघ्यांत उभी धरली. कोटाच्या खिशातून पाकीट काढून माझ्या खांद्यावरून पुढे केलं. पाकीट थोडं डावीकडे, मी नव्हतो तिकडे जात होतं.

'चल बाळ' म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ वाट बघितली.

मग मी पाकीट घेतलं, आरसा सरळ केला आणि विचारलं, "कुठं जायचं?"